पाचशे कोटी वर्षं

"इथे डास फार आहेत का हो?"

पाठीमागून आवाज आला तशी ती दचकली. तारांगणातला खेळ संपून नुकतेच दिवे लागले होते. वीस-पंचवीस माणसं डोळे चोळत दाराकडे निघाली होती आणि ती शेवटच्या रांगेत पर्समध्ये छत्री चाचपत होती. वळून बघितलं तर खेळाचं निवेदन करणारा तो उभा. गळ्यात ओळखपत्राची दोरी, हातात बॅटरी आणि चेहऱ्यावर अगदी खरी काळजी.

"डास? नाही... का?"

"मी तिकडून टेबलावरून बघत होतो. दाराच्या दिव्याच्या उजेडात पूर्ण चाळीस मिनिटं तुम्ही अशा..." त्याने दोन्ही हात हवेत नाचवून दाखवले. "म्हटलं, बिचाऱ्या डास मारून मारून दमल्या. आज तक्रार लिहूनच टाकू."

हसावं की पळावं हे तिला कळेना. कानशिलं तापली.

"ते डास नव्हते," ती म्हणाली, "तुम्ही होतात."

"मी?"

"मी दुभाषी आहे. खुणांच्या भाषेची. कुणी भरभर बोलायला लागलं की माझे हात आपोआप चालू होतात. सवयच आहे. आणि तुम्ही तर बोलत नाही, सुटता. एक्सप्रेससारखे. मधली स्टेशनं घेतच नाही."

खरं तर ती इथे आली होती निव्वळ बस चुकली म्हणून. बाहेर भुरभुर लागली होती, पुढची बस तासाभराने होती आणि समोर घुमटाची इमारत होती. एवढंच. पण तिचं बोलणं ऐकून त्या माणसाचे डोळे असे चमकले, जणू हरवलेली किल्ली सापडली.

"हलू नका हं. इथेच थांबा!" म्हणत तो धावत गेला आणि तीन कागद घेऊन आला. शहरातल्या कर्णबधिरांच्या संघटनेची पत्रं होती. आमच्यासाठी एक खेळ करा, अशी विनंती. तीन वेळा केलेली.

"आणि तिन्ही वेळा मी 'जमणार नाही' असं उत्तर लिहिलंय. आत अंधार असतो, खुणा दिसणार कशा? हे लिहिताना लाज वाटते हो. तुम्ही याल का? ताऱ्यांचा जन्म, आयुष्य, शेवट. सगळं तुमच्या हातांनी?"

"नाही," ती म्हणाली. इतक्या पटकन, की तिचं तिलाच उद्धट वाटलं. "म्हणजे... मी हल्ली लहानच कामं घेते. शाळेतल्या पालकसभा वगैरे. माफ करा."

आणि छत्री न उघडताच ती बाहेर पडली.

घरी पोचली तेव्हा अप्पा दुकानात एका कोटाला अस्तर लावत होते. पुढे शिलाईचं दुकान, मागे दोन खोल्या, असं त्यांचं घर. अप्पांना जन्मापासून ऐकू येत नव्हतं. आईलाही येत नसे. ती जाऊन सहा वर्षं झाली होती. या घरात बोलणं म्हणजे हात, आणि लेकीचे हात बोलायला लागले ते तिच्या जिभेच्या आधी.

ओला पदर झटकावा तशी तिने ती हकीकत झटकून टाकायच्या बेतात हातांनी सांगितली. अप्पांनी सुई खाली ठेवली.

"तारांगण?" त्यांचे हात सावकाश हलले. "मी गेलोय तिथे. तू चार वर्षांची होतीस. तुझी आई, तू आणि मी. आत अंधार. वर ठिपके फिरत होते. तू माझ्या मांडीवर बसून खदाखदा हसत होतीस, कारण तो माणूस काहीतरी गमतीचं सांगत होता. मी आणि तुझी आई तुझ्या तोंडाकडे बघत बसलो. ठिपके काय करतायत, ते आम्हाला आजतागायत माहीत नाही."

एवढं बोलून त्यांनी पुन्हा सुई उचलली. आग्रह नाही, काही नाही. अप्पांचा आग्रह असाच असायचा, न केलेला.

दुसऱ्या दिवशी तिने तारांगणात फोन केला. हात इतके गार पडले होते की फोन दोनदा निसटला.

*

तीन आठवडे मिळाले होते. पहिल्याच दिवशी भांडण झालं.

"एक वाक्य बोलायचं. मग थांबायचं," ती समजावत होती. "मी ते खुणांनी सांगणार. मग लोक वर घुमटाकडे बघणार. मग पुढचं वाक्य. त्यांना माझे हात आणि तारे एकदम कसे दिसतील? डोळे दोनच आहेत."

"पण मग चाळीस मिनिटांचा खेळ दोन तासांचा होईल!"

"मग अर्धा सूर्य कापा."

"सूर्य कापा?" त्याने छातीवर हात ठेवला. "बाई, तुम्ही शिंप्याची मुलगी आहे म्हणालात, ते कळतंय."

ती हसली आणि लगेच वहीत डोकं खुपसलं. वहीत तिने सगळे शब्द लिहून काढले होते आणि अर्ध्याअधिक शब्दांना खूणच नव्हती. गाभा. तांबडा राक्षसी तारा. श्वेत बटू. न्यूट्रॉन तारा. हे सगळं नव्याने घडवायचं होतं आणि ते चुकलं तर साठ माणसं चुकीचं आकाश घेऊन घरी जाणार होती. या विचारानेच तिचं जेवण अर्धं झालं होतं.

"आधी मला समजावून सांगा," ती म्हणाली. "तारा म्हणजे नक्की काय? हळू सांगा. मधली स्टेशनं घेत."

तो तिच्यासमोरच्या खुर्चीवर उलटा बसला. "तारा म्हणजे एक भांडण. स्वतःचंच वजन ताऱ्याला आत दाबत असतं, सगळ्या बाजूंनी. आणि गाभ्यात हायड्रोजनचं हेलियम होत असतं, त्यातून जी ऊर्जा निघते ती बाहेर ढकलत असते. दोघांचा जोर सारखा, म्हणून तारा टिकतो. आपला सूर्य साडेचारशे कोटींहून जास्त वर्षं असा तोल सांभाळून उभा आहे."

ती ऐकत होती आणि तिचे हात हलू लागले होते. डाव्या हाताची मूठ, तिच्यावर उजव्या हाताची बोटं आवळलेली. मूठ उघडू बघतेय, बोटं उघडू देत नाहीत. दोन्ही हात त्या ताणाने किंचित थरथरत होते.

तो बोलायचा थांबला.

"काय झालं? चुकलं?"

"नाही," तो हळूच म्हणाला. "मी आठ वर्षं हे सांगतोय. आज पहिल्यांदा दिसलं."

मग रोज दुपारचे खेळ आटोपले की दोघं त्या रिकाम्या घुमटाखाली बसू लागले. प्रश्न शंभर होते. दिवा कुठे लावायचा? फार उजेड केला तर तारे पुसले जात, कमी केला तर बोटं दिसत नसत. तो वेगवेगळे दिवे आणायचा आणि ती अंधारात हात धरून उभी राहायची.

"जरा वर. आता डावीकडे. हं... इथे चेहरा पण दिसतोय."

"चेहरा दिसायलाच हवा. खुणांच्या भाषेत भुवया म्हणजे व्याकरण असतं."

"मग तो जरा हसरा ठेवता का? तुमच्या भुवया बघून वाटतं, सूर्य उद्याच विझणार आहे."

अप्पांनी तिच्यासाठी काळं जाकीट शिवलं. न चमकणारं कापड, बाह्या थेट मनगटापर्यंत, बटण एकही नाही, म्हणजे उजेडात दिसतील ते फक्त हात आणि चेहरा. नव्या खुणाही आधी अप्पांना दाखवल्या जायच्या. ते कडक परीक्षक निघाले. राक्षसी ताऱ्यासाठी तिने विक्राळ दात दाखवले तर म्हणाले, "तो काय कुणाला खाणार आहे?"

"जवळचे ग्रह गिळेल कदाचित."

"मग दात राहू देत."

पण ताऱ्याच्या शेवटापाशी गाडं अडलं. 'मेला' ही खूण तिने केली आणि अप्पांनी मान हलवली. "ही माणसाची. ही मी तुझ्या आईसाठी केली होती. तारा नक्की करतो काय, ते त्या मुलाला विचार."

तिने विचारलं. त्याने सांगितलं, सूर्याएवढा तारा म्हातारपणी फुगतो, लाल होतो, मग बाहेरचे थर हळूहळू सोडून देतो. ते पसरत जातात. मध्ये उरतो तो पांढरा, पृथ्वीएवढा लहानसा गाभा. नवीन काही जळत नाही त्यात. नुसता निवत राहतो, अब्जावधी वर्षं.

"सोडून देतो," अप्पांनी तिचे हात बघून म्हटलं, आणि दोन्ही हातांची बोटं एकेक करून उलगडत लांब नेली. मग उजवा हात परत आणून छातीपाशी मूठ मिटली. "हे कर."

*

एवढी तयारी झाली तरी त्या भागापाशी आली की ती सरावात हमखास अडायची. हात हवेत थांबायचे. चौथ्यांदा तसं झालं तेव्हा त्याने दिवे लावले आणि पायरीवर तिच्याशेजारी, मध्ये एका माणसाची जागा सोडून, बसला.

"सांगायचं नसेल तर नका सांगू," तो म्हणाला. "पण मी गप्प बसायला शिकलोय. हवं तर वापरून बघा."

मग तिने सांगितलं. अडीच वर्षांपूर्वी एका दवाखान्यात ती दुभाषी म्हणून गेली होती. रुग्णही ऐकू न येणारा, बायकोही. डॉक्टर घाईत होते. दारातूनच म्हणाले, 'आता काही करायचं उरलं नाही, घरी न्या.' त्यांना म्हणायचं होतं, उपचार पूर्ण झाले, माणूस बरा आहे.

"आणि मी... दुसरा अर्थ सांगितला," ती म्हणाली. "दोन तास ती बाई नवऱ्याचा हात धरून रडत होती. नंतर नर्स आल्या तेव्हा उलगडा झाला. सगळे हसले, मला माफही केलं. पण ते दोन तास कुणी परत देणार आहे का तिला? मी एकदा विचारायला हवं होतं. 'म्हणजे काय, डॉक्टर?' एवढंच. नाही विचारलं. तेव्हापासून मोठं काम आलं की वाटतं, माझ्या हातून पुन्हा कुणीतरी मरेल."

'छे, त्यात काय एवढं' असं तो म्हणेल आणि मग आपल्याला राग येईल, अशी तिची खात्री होती. तो तसं म्हणाला नाही.

"मी चार वर्षं रोज जिवंत ताऱ्यांना मारत होतो," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"खेळाच्या शेवटी सांगायचो, तुम्हाला दिसणारे यातले बहुतेक तारे आज अस्तित्वातच नाहीत, त्यांचा नुसता जुना प्रकाश येतोय. लोक असा सुस्कारा सोडायचे! मला फार आवडायचं. एक दिवस एक निवृत्त मास्तर थांबले, म्हणाले, 'बाळ, हिशेब करून बघ.' केला. नुसत्या डोळ्यांना दिसणारे तारे तसे जवळचे. त्यांचा प्रकाश फार तर काही हजार वर्षांचा. आणि ताऱ्याचं आयुष्य लाखो, कोटी वर्षांचं. म्हणजे जवळपास सगळे अजून आहेत. जिथल्या तिथे. चार वर्षांतले प्रेक्षक मी कुठून शोधून आणू? मग मी काय केलं, दुसऱ्या दिवसापासून बरोबर सांगायला लागलो. दुसरं काही सुचलं नाही."

मधली एका माणसाची जागा कशी कोण जाणे जरा अरुंद झाली होती.

"हात बघू," तो म्हणाला. "गारठलेत. दिवा बदलायला हवा. म्हणजे... गरम होणारा जुना दिवा आणतो. उजेडही पिवळा पडेल, छान."

"दिव्यासाठीच ना?"

"सध्या दिव्यासाठीच."

*

आता खरं तर तिने खूश व्हायचं. पण तिच्या स्वभावाला सुख म्हणजे संकटाची आगाऊ सूचना वाटायची. दोन वर्षांपूर्वी तिचं लग्न ठरलं होतं. मुलगा चांगला, माणसं चांगली. बोलण्याच्या ओघात मुलाचे काका म्हणाले, 'समारंभात वडिलांना जरा मागेच बसवू या, उगाच लोक बघत बसतात.' मुलगा काही बोलला नाही. तिने दुसऱ्या दिवशी नकार कळवला आणि अप्पांना कारण भलतंच सांगितलं. अप्पांनी ते खरं मानल्यासारखं दाखवलं.

म्हणून खेळाच्या आदल्या दिवशी, वायरी गुंडाळता गुंडाळता त्याने विचारलं, "उद्यानंतर... पुढे?" तेव्हा तिच्या तोंडून निघालं, "पुढे काय? काम संपलं."

तो वायर गुंडाळत राहिला. गुंडाळून झालेली वायर त्याने उलगडली आणि पुन्हा गुंडाळली.

"हो," तो म्हणाला. "बरोबर आहे."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला बासष्ट माणसं घुमटाखाली येऊन बसली. म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बायका, शाळेची मुलं. दिवे जायच्या आधी सगळीकडे नुसते हात बोलत होते. अप्पा मधल्या रांगेत, इस्त्रीच्या सदऱ्यात. तिने पाणी पिऊन घेतलं, पुन्हा पिऊन घेतलं, जाकिटाच्या बाहीचा न निघालेला धागा शोधला.

अंधार झाला. पिवळ्या उजेडाच्या लहानशा वर्तुळात तिचे हात उरले.

सुरुवात बरी झाली. तो एक वाक्य बोलायचा, थांबायचा. ती सांगायची, बासष्ट माना वर जायच्या, खाली यायच्या. धुळीचे, वायूचे ढग आकसले. तारा पेटला. मूठ आणि बोटांचा तो ताण तिने दाखवला तेव्हा पुढच्या रांगेतल्या मुलांनी आपापल्या मुठी आवळून बघितल्या. गाभ्यातला प्रकाश पृष्ठभागापर्यंत धडपडत यायला हजारो वर्षं घेतो आणि तिथून आपल्यापर्यंत अवघी आठ मिनिटं, हे कळल्यावर एक आजोबा इतके चकित झाले की त्यांनी शेजाऱ्याला ढोसलं.

"आपला सूर्य आणखी सुमारे पाचशे कोटी वर्षं असाच तळपत राहील," तो म्हणाला आणि थांबला.

त्या थांबण्यात तिने त्याच्याकडे बघितलं. बघायला नको होतं. टेबलावरच्या मंद उजेडात तो तिच्या हातांकडे असा बघत होता, जणू आज शेवटचंच बघून घेतोय. तिचे हात चालले, पण मन तिकडे राहिलं.

वर कुणीच बघितलं नाही.

अंधारात हालचाल झाली. कुणीतरी खुर्चीतून उठलं. एका आईने मुलीला जवळ ओढलं. हात फडफडू लागले, दिसत नव्हते पण हवा हलत होती. काय झालं? आपण काय सांगितलं? तिने मनात आपलेच हात पुन्हा चालवून बघितले. 'कोटी' राहिलं होतं. सूर्य आणखी पाचशे वर्षं.

तेच. पुन्हा तेच. दारातून पळून जावं असं तिला वाटलं. दार डावीकडे होतं, बारा पावलांवर.

तिने उजवा हात उंच केला.

तो निवेदन चालू ठेवेल अशी तिला भीती होती. पण त्याने त्याच क्षणी सगळे दिवे लावले. कारण न विचारता.

बासष्ट चेहरे तिच्याकडे लागले. "मी चुकले," तिचे हात म्हणाले. "चूक माझी आहे, यांची नाही. पाचशे नाही. पाचशे कोटी. सूर्याला काहीही होत नाहीये. माफ करा."

मधल्या रांगेतून अप्पा उभे राहिले. त्यांनी सगळ्यांना दिसतील असे हात वर केले. "बरं झालं सांगितलंस. मी म्हटलं, पाचशेच वर्षं राहिली असतील तर हातातला कोट शिवून काय उपयोग!"

हशा पिकला. पाय आपटले गेले, जमीन दणाणली. ज्या आईने मुलीला ओढलं होतं तीही डोळे पुसत हसत होती. तिने दुभाषीकडे बघून एक खूण केली. 'होतं असं. पुढे चला.'

दिवे गेले. खेळ पुढे गेला. सूर्याने आपले थर सोडून दिले, बोटाबोटाने, आणि छातीपाशी लहानशी पांढरी मूठ राहिली. तिचे हात अडले नाहीत. मग मोठे तारे आले. सूर्याच्या कितीतरी पट वजनाचे, उधळे, घाईत जळणारे, गाभ्यात लोखंड साठेपर्यंत जळणारे. लोखंडातून ऊर्जा मिळत नाही, तोल सुटतो, सेकंदाच्या आत गाभा कोसळतो आणि तारा फुटतो. घुमटभर उजेड सांडला. मागे उरलेला न्यूट्रॉन तारा एका शहराएवढा आणि वजनाने सूर्याहून जड. आणि गाभा त्याहूनही जड असेल तर कृष्णविवर, ज्यातून प्रकाशही सुटत नाही. कित्येक मुलांची तोंडं उघडीच राहिली.

शेवटी प्रश्न झाले. एका लहान मुलीने विचारलं, "तारा फुटतो तेव्हा मोठा आवाज होतो का? तुम्हाला ऐकू येतो?"

ती प्रश्न त्याला सांगताना घुटमळली. तो घुटमळला नाही. टेबलामागून बाहेर आला, मुलीकडे बघत म्हणाला, "नाही. मधल्या पोकळीतून आवाजाला वाटच नाही. इतका मोठा स्फोट, पण आपल्यापर्यंत पोचतो तो फक्त उजेड. तो बघायला तू आणि मी अगदी सारखेच."

तिने ते सांगितलं. आणि बासष्ट जोड्या हात हवेत उंच गेले, बोटं पसरून हलू लागले. या लोकांच्या टाळ्या अशाच असतात. तो भांबावून बघत राहिला. "हे... काय म्हणतायत?"

"टाळ्या वाजवतायत," ती म्हणाली. "तुमच्यासाठी."

त्या गर्दीत, निरोपांत, संघटनेच्या बसमध्ये अप्पांना चढवण्यात, ती त्याच्याशी नीट बोललीच नाही. बस सुटली तेव्हा खिडकीतून तो पायऱ्यांवर उभा दिसला.

*

चार दिवस फोन आला नाही.

तिने घंटीचा आवाज वाढवला. फोन बिघडलाय का म्हणून अप्पांच्या फोनवरून स्वतःला लावून बघितला. आपणच म्हणालो ना, काम संपलं? मग? आपण करावा का? केला आणि तो नुसतंच 'हो, बोला' म्हणाला तर? भाजी करपली. अप्पांनी ती करपलेली भाजी मुकाट्याने खाल्ली आणि तिच्याकडे बघत राहिले.

पाचव्या दिवशी दुपारी तो दुकानात आला. हातात पिशवी, पिशवीत पँट.

"उंची कमी करायची होती," तो अप्पांना म्हणाला. अप्पांनाच, त्यांच्याकडे बघून. दुभाषीकडे नाही, ज्याच्याशी बोलतोय त्याच्याकडे बघायचं, हे तो शिकला होता.

कोपऱ्यात काजं करत बसलेल्या तिच्या बोटात सुई टोचली, तरी तिने ते अप्पांना खुणेने सांगितलं.

अप्पांनी पँट त्याच्या कमरेला लावून बघितली. टेपने लांबी मोजली. पुन्हा मोजली. मग लेकीकडे वळले. "पँट बरोबर आहे. हा कशाला आलाय, विचार."

"अप्पा!"

"तू दुभाषी आहेस ना? मग मी बोलतो ते जसंच्या तसं सांग. काटछाट करायची ती मी करतो, कापडाची."

"अप्पा म्हणतात... पँट बरोबर आहे. तुम्ही कशाला आलात?"

तो लाल झाला. पण नजर अप्पांवरून हटली नाही. "चार दिवस फोन हातात घेऊन बसलोय. धीर होत नाही. तुमची मुलगी मला आवडते. फार. ती म्हणाली, काम संपलं. माझं संपलेलं नाही."

दुभाष्याने बोलणाऱ्याचं 'मी' हे 'मी'च ठेवायचं असतं. तिचे हात वर आले आणि वडिलांना सांगू लागले, तुमची मुलगी मला आवडते. फार. अप्पा शांतपणे वाचत होते.

"मला ऐकू येत नाही," अप्पा म्हणाले. "या घरात लग्न झालं तर मी पहिल्या रांगेत बसणार. माझे दहा मित्रही. आणि आम्ही सगळा वेळ हातांनी गप्पा मारणार. मागे बसणार नाही."

म्हणजे अप्पांना सगळं माहीत होतं तर. दोन वर्षं. तिने शब्दन् शब्द सांगितला.

"आईला सांगूनच आलोय," तो म्हणाला. "ती म्हणाली, माझ्या बडबड्याला ज्या मुलीने गप्प बसायला शिकवलं, तिच्या वडिलांना मी हाताला धरून पुढे बसवीन. आणि काका, हळू बोललात तर मलाही थोडं कळेल. शिकतोय."

अप्पांनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत एकदा बघून घेतलं, गिऱ्हाईकाचं माप नजरेने घेतात तसं. टेप गळ्यात अडकवली. "माझं झालं," ते लेकीला म्हणाले. "आता तुझं तू बोल. तुझ्यासाठी दुभाषी मिळणार नाही."

आणि त्यांनी खुर्ची फिरवली, दोघांकडे पाठ करून मशीनवर बसले. ऐकू न येणाऱ्या माणसाने पाठ फिरवली की खोलीचं दार बंद झाल्यासारखं असतं.

दोघंच उरले.

"मला..." ती म्हणाली. दुसऱ्यांची हजारो वाक्यं तिच्यातून गेली होती, पण स्वतःचं एक सापडेना. "मला तयारी लागते. आधी लिहून काढावं लागतं. नाहीतर चुकतं काहीतरी."

"चुकू दे. मी दिवे लावीन."

"आणि मी काळजी करते. सारखी. फोन नाही उचललात तर मला वाटेल, अपघात झाला. उचललात तर वाटेल, आवाज बरा नाही. हे जाणार नाही. आयुष्यभर असंच."

"चालेल."

"विचार करून सांगा."

"चार दिवस तेच केलं."

तिने सुई टोचलेलं बोट मुठीत धरलं. मग सोडलं.

"मला तुम्ही आवडता," ती म्हणाली. हात अजिबात न हलवता, नुसत्या तोंडाने, हळू आणि स्पष्ट. "पायरीवर बसलो होतो ना, त्या दिवसापासून. कदाचित आधीपासूनच. हे माझं आहे. कुणाचं भाषांतर नाही."

हा एवढा बोलका माणूस! त्याने फक्त हात पुढे केला आणि तिने तो धरला. या वेळी तिच्याहून त्याचेच हात गार होते.

तिकडे मशीन धडधडत होतं. अप्पा खाली मान घालून मोठ्या तन्मयतेने शिवत होते, सरळ, न थांबता. सुईत दोराच नव्हता.